मॅमथचा सुळा ओळखणे आणि उन्हाळ्यात जपणे

आर्वीच्या दादांनी विचारलंय की घरातली जुनी कोरीव मूर्ती मॅमथच्या (हत्तीचा नामशेष झालेला नातलग) सुळ्याची की हत्तीच्या, आणि मॅमथची निघाली तर विकता येईल का.

आधी ओळख. मूर्तीच्या बुडाशी सुळ्याचा आडवा छेद दिसत असेल तर दहापट भिंग लावा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, त्या श्रेगर रेषा. कोन मोजायचा तो बाहेरच्या सालीलगतच. 90 अंशांपेक्षा कमी असेल तर मॅमथ, 115 च्या वर असेल तर हत्ती. मधल्या गाभ्याकडे हत्तीच्या सुळ्यातही कोन अरुंद होतो, बहुतेकांची फसगत तिथेच होते. उभ्या कापात ही जाळी दिसतच नाही, मग कोनाचा हट्ट सोडा. निळसर-तपकिरी डाग असतील तर अतिनील टॉर्च मारून पाहा. जमिनीतल्या लोह-फॉस्फेटचे, म्हणजे व्हिव्हियानाइटचे डाग जांभळट उठून दिसतात, ती मॅमथची खूण. तापलेली सुई मात्र टोचू नका, कायमचा डाग पडतो.

आपल्याकडे खरा घात करतो तो मे महिना. सुळा थरांवर थर चढून बनलेला असतो, कोरड्या हवेत बाहेरचा थर आधी आकसतो आणि भेग पडते. त्यात दिवसभर कूलरची ओल अन् रात्री कोरडं, हे तर सगळ्यात वाईट. मूर्ती सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात, आतल्या खोलीत ठेवा. पाण्याने धुऊ नका.

विक्रीचं विचाराल तर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या निकालानुसार मॅमथच्या सुळ्यालाही हस्तिदंत व्यापारबंदी लागू आहे.