अँटीचेंबर: बंदूक हाती आली आणि चकवा संपला?

सांदीकोपरा: 'अँटीचेंबर' हा कोड्यांचा व्हिडिओ गेम गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पूर्ण केला. ३१ जानेवारी २०१३ला आलेला हा खेळ 'अनरियल टूर्नामेंट' या गोळीबाराच्या गेमचं मॉड, म्हणजे त्यात फेरफार करून बनवलेली आवृत्ती, म्हणून सुरू झाला. बनवणारा ऑस्ट्रेलियाचा अलेक्झांडर ब्रूस, बहुतेक काम एकहाती. पांढऱ्या भिंतींचा चक्रव्यूह, शत्रू नाहीत, गोष्ट नाही.

सुरुवातीलाच एक दरी येते आणि समोर 'उडी मार' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. मारली, तर सरळ खाली. दुसऱ्या वेळी नुसता चालत गेलो आणि पायाखाली फरशी उमटत गेली! मग लाल आणि निळा जिना. कुठलाही धरा, परत तिथंच. आजी सांगायची तसा चकवा. वैतागून पाठ फिरवली, तर आलो त्या बाजूला नवीनच वाट.

इथपर्यंत मी या खेळावर जीव टाकतो. पण पुढे ठोकळे उचलायची आणि लावायची बंदूक मिळते, निळी, मग हिरवी, पिवळी, लाल, आणि खेळ बदलतो. आधी अडलो की मला खात्री असायची, माझंच काहीतरी पाहायचं राहिलंय. नंतर मात्र कळत नाही की डोकं कमी पडतंय की योग्य रंगाची बंदूकच अजून हातात नाही. एका खोलीत मी पाऊण तास घालवला आणि तिला लागणारी बंदूक मला मिळालेलीच नव्हती. हा विश्वासघात आहे.

ठोकळेबाज: अजिबात पटलं नाही. अडलास तर एस्केपची कळ दाबायची, पहिल्या खोलीत येतोस, तिथल्या नकाशावर बोट ठेवून हवं तिथं जातोस. पायपीट नाही. खोली सोडून देणं हीसुद्धा एक चाल आहे, पण आपल्याला सवय असते प्रत्येक दार तिथल्या तिथं उघडायची.

आणि हिरव्या बंदुकीला कंटाळवाणं म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. माझ्याकडे मोजकेच ठोकळे होते. रिकामटेकडेपणानं भिंतीवर पोकळ चौकोन काढत बसलो, शेवटचा ठोकळा लावला आणि मधली जागा आपोआप भरली. म्हणजे ठोकळे वाढवता येतात! कुणी शिकवलं नाही, सूचना नाही. खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या मी. हा क्षण जिन्याच्या चकव्यापेक्षा कमी कसा?

मृण्मयी_आर: दादा, तो क्षण भारीच आहे, पण त्यानंतर तासभर लेझरच्या झोतात ठोकळे अडकवून दारं उघडी ठेवायची, ते? ते कोडं राहत नाही, हमाली होते.

माझी तक्रार वेगळीच आहे. भिंतीवर जागोजागी चित्रं आणि त्याखाली सुविचार. शाळेच्या फळ्यावर रोज लिहायचे तसे. मी नुकतीच दरी पार केलेली, छाती धडधडतेय आणि लगेच त्याचा आयुष्यासाठी अर्थ सांगायला कुणीतरी हजर. अर्थ माझा मला लावू द्या ना.

ठोकळेबाज: ते वाचायची सक्ती नाही. मला तर दोनदा त्यातूनच कोड्याचा धागा सापडला.

अंधारी_गल्ली: माझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट. पांढऱ्यावर पांढरं, कडांना बारीक काळी रेघ, वर सतत गोल फिरायचं. मला वीस मिनिटांत मळमळायला लागतं. विकत घ्यायच्या आधी कुणाचा तरी खेळतानाचा व्हिडिओ बघा.

सांदीकोपरा: @ठोकळेबाज, चौकोनाचं मान्य. माझ्या बाबतीत तो क्षण आलाच नाही, कारण मी आधीच कुठेतरी वाचून बसलो होतो. चूक माझी. पण मी अडलो त्या खोलीचं मान्य नाही. 'इथं नंतर ये' एवढं भिंतीनं सांगायला काय हरकत होती? सुविचार सांगायला जागा आहे, मग यालाही आहे.

ठोकळेबाज: भिंत खोटंही बोलते की. उडी मार म्हणालीच होती. पहिल्या खोलीतलं नव्वद मिनिटांपासून उलटं मोजणारं घड्याळ आठवतं? पहिल्या दिवशी त्याच्या धाकानं मी धावत सुटलो होतो, एकही खोली नीट पाहिली नाही. शून्य झालं आणि काहीच घडलं नाही. त्यानंतर कुठे मी सावकाश खेळायला लागलो. तूही त्या खोलीत भिंतीच्या परवानगीची वाट बघत होतास.

मृण्मयी_आर: हे घड्याळाचं खरंय. मीही धावले होते.

सांदीकोपरा: मीही. तरी ती पाऊण तासाची खोली मी माफ केलेली नाही.