काळ्या यादीच्या भरवशावर ईमेल थेट नाकारावी का?

प्रश्न (इंदूर):
आमच्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या यादीत आढळला की आम्ही ईमेल दारातच नाकारतो. परंतु सियागंजातील एका जुन्या सभासदाची कर्जाची कागदपत्रे अशीच परत गेली. या याद्यांवर कितपत विसंबावे?

उत्तर १:
यादीत नोंद होते ती पत्त्याची. सामायिक होस्टिंगवर एकाच पत्त्यावरून अनेकांची पत्रे जातात आणि एकाने स्पॅम पाठवला तरी सगळेच अडकतात. म्हणून स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रणालीमध्ये अशा नोंदीला केवळ काही संशयाचे गुण द्यावेत आणि निर्णय मजकूर, डीकेआयएम (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) इत्यादींसह एकत्रित घ्यावा.

उत्तर २ (बडोदे):
मी अंशतःच सहमत आहे. स्पॅमहाउस या संस्थेच्या झेनसारखी नीट राखलेली यादी दारातच वापरल्याने सर्व्हरवरचा मोठा भार वाचतो. खरा धोका बेवारस यादीचा: ओआरडीबी ही अशीच एक यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी अनेकांच्या सेटिंगमध्ये ती तशीच राहिली आणि मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक पत्ता यादीत असल्याचे उत्तर देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे येणारी चांगली पत्रेही नाकारली गेली. शिवाय गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरमार्फत यादीकडे विचारणा केल्यास स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा कोड देते. कोणत्याही उत्तराला नोंद समजणारा सर्व्हर त्यावरही ईमेल परत पाठवतो.

उत्तर ३:
परत गेलेल्या पत्रासोबतच्या सूचनेत सहसा यादीचे नाव असते. सभासदाकडून ती मागवून घ्यावी आणि तोवर त्यांचा पत्ता अपवादांत टाकावा.