व्हिडिओ कॉल चालू असताना आवाज तुटतो – वायफायमध्ये आवाजाला आधी वाट कशी द्यायची?

मंडळी, मदत हवी आहे. घरात एकच राउटर, हॉलमध्ये. आतल्या खोलीत बायकोची ऑफिसची मीटिंग, माझ्या टेबलावर वायफायवरचा आयपी फोन. मुलाने गेमचं अपडेट लावलं की समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा! तेव्हा राउटरला पिंग केलं (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघितलं) तर एरवीच्या ४ मिलिसेकंदांचे थेट २०० होतात. म्हणजे घोळ घरातल्या हवेतच दिसतोय, बाहेरच्या लाइनचा नाही. बरोबर ना?

राउटरवर डब्ल्यूएमएम (वायफायमध्ये कुठल्या डेटाला आधी पाठवायचं ते ठरवणारी सोय) चालू आहे. त्यात चार रांगा असतात: आवाज, व्हिडिओ, साधा डेटा आणि मागे चालणारी कामं. फोनमध्ये डीएससीपी (डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरची प्राधान्याची खूण) ४६ लावलंय, तरी पॅकेट कॅप्चरमध्ये (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांच्या नोंदीत) राउटरकडून येणारी पॅकेट प्राधान्य ५ ची, म्हणजे व्हिडिओच्या रांगेतली दिसतात. बहुतेक राउटर डीएससीपीचे वरचे तीनच बिट बघतो; ४६ म्हणजे १०१११०, वरचे तीन १०१, म्हणून ५. आवाजाला ६ लागतो, आणि २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातही तेच सांगितलंय. माझ्या राउटरच्या सेटिंगमध्ये मात्र क्यूओएससाठी (कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची त्यासाठी) 'क्यूओएस: चालू/बंद' एवढंच. (मराठीत भाषांतरही केलंय त्यांनी: 'गुणवत्ता'. धन्य!)

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर) टाकून हे मॅपिंग, म्हणजे कुठल्या डीएससीपीला कुठली रांग ते, बदललंय का कुणी? आणि मीटिंगचा लॅपटॉप विंडोजचा आहे, त्याच्या पॅकेटवर डीएससीपीची खूणच नसते. ती ग्रुप पॉलिसीतून (विंडोजमधल्या प्रशासकाच्या सेटिंगमधून) लावता येते म्हणतात, पण ऑफिसच्या मशीनला हात लावायची सोय नाही. राउटरवरच खूण मारता येईल का?