अर्भक मृत्यू, बालमृत्यू, उपजत मृत्यू : फरक काय?

प्रश्न : आमच्या आरोग्य केंद्राच्या फलकावर या तीन वेगळ्या ओळी आहेत. बातम्यांत मात्र सगळं 'बालमृत्यू'. शिवाय मुलांचा मृत्यू'दर' आणि मातांचं मृत्यू 'प्रमाण' असं का?

वैनगंगा : वर्षाच्या आत गेलेलं मूल अर्भक मृत्यूत, पाच वर्षांच्या आतलं बालमृत्यूत. म्हणजे पहिला आकडा दुसऱ्यात आलेलाच असतो, बेरीज करू नका. अर्भकांतही पहिल्या २८ दिवसांतली ती नवजात. बातमीदारांचं 'अर्भक' फार सैल, गर्भालाही तेच म्हणतात.

खरी मेख 'उपजत'मध्ये आहे. 'उपजत गुण'मधलाच हा शब्द, पण जन्म-मृत्यूच्या दप्तरात त्याचा अर्थ मृतावस्थेत जन्मलेलं बाळ. बाळाने एकदा जरी श्वास घेतला, तरी तो जिवंत जन्म. मग जन्माची एक आणि मृत्यूची एक अशा दोन नोंदी व्हायला हव्यात. अर्भक मृत्युदर काढतात १००० जिवंत जन्मांमागे, त्यामुळे दोन मिनिटं जगलेल्या बाळापुढे 'उपजत' लिहिलं की ते त्या हिशेबातून पुरतं गळतं. दर वेळी कुणी लबाडीच करतं असं नाही. घरचेच सांगतात, "उपजतच गेलं."

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने हे नेमकं धरलं. गावातल्याच आरोग्यदूत बाया घरोघर जाऊन प्रत्येक बाळंतपण आणि प्रत्येक मृत्यू टिपत. त्यांच्या गावांत १९८८ साली अर्भक मृत्युदर हजारी १२१ निघाला होता. घरीच नवजात बाळाची काळजी घेणं सुरू झाल्यावर २००३ पर्यंत तो ३० च्या आसपास आला.

दप्तरदार : दर आणि प्रमाणाचं सांगतो. माता मृत्यू मोजतात १ लाख जिवंत जन्मांमागे. मरतात बाया, भागाकार बाळांच्या संख्येने, म्हणून 'प्रमाण'. १५ ते ४९ वयाच्या १ लाख स्त्रियांमागे काढलं तर तो 'दर'. दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि माता मृत्यू धरायची मुदत बाळंतपणानंतर ४२ दिवसांची. आपला सव्वा महिना त्याआधीच संपतो! पाहुणे पांगतात, बाई कामाला लागते, आणि नंतरच्या चार-पाच दिवसांत काही झालं तर ते बाळंतपणाशी जोडायचं कुणाला सुचतच नाही.

प्रश्नकर्ता : मग ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवरून गावाचा जन्मदर काढता येईल?

दप्तरदार : नाही. १९६९ च्या कायद्याने नोंद होते घटना जिथे घडली तिथे. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात, पहिलटकरीण तर माहेरी. लहान गावाचं रजिस्टर वर्षभर कोरं राहील आणि तालुक्याचं गाव भलतंच लेकुरवाळं दिसेल. गावच्या रहिवाशांची गणती हवी तर आशाताईंची वही पाहा. राज्याचे अधिकृत दर येतात नमुना नोंदणी पाहणीतून, म्हणजे निवडक ठिकाणच्या गणतीतून (२०२० चा महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १६, देशाचा २८), पण तीत जिल्ह्याचे आकडे नसतात. जिल्ह्याचा 'मृत्युदर' छापून आला की तो कुठून आणला हे आधी विचारावं.

वैनगंगा : जुन्या नोंदी हव्या असतील तर जन्म-मृत्यूचं जुनं गावदप्तर, म्हणजे गाव नमुना १४ किंवा विदर्भात कोतवाल बुक मागा. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी लोक तीच चाळतात. मृत्यूचं कारण वाचायला कुणी थांबत नाही.