कामात मन कशानं लागतं, कशानं उडतं? तुमचे अनुभव सांगा

सात वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळतेय. टीममधला एक सहकारी मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नसे. लागोपाठ दोन अप्रेझलमध्ये मी त्याच्या नावापुढे 'पुढाकार कमी' असं लिहिलं. मग तो महिनाभर रजेवर गेला आणि त्याचं काम माझ्याकडे आलं. त्याची फाइल उघडली, तर कुठल्या रिलीजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, कुठली चूक कुठून शिरली आणि ती पुन्हा कुठे डोकं वर काढेल, सगळं तारीखवार लिहिलेलं. त्यातल्या तीन शंका खऱ्या ठरून त्या चुका ग्राहकापर्यंत पोचल्या होत्या.

तो परतल्यावर विचारलं, "हे बोलला का नाहीस?" म्हणाला, "मी शब्द जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो."

तेव्हापासून मीटिंगचे मुद्दे मी आदल्या दिवशी पाठवते. उत्तर लेखी दिलं तरी चालतं. तो अजूनही गप्पच असतो, पण त्याची टिपणं वाचल्याशिवाय आम्ही रिलीज सोडत नाही. त्या दोन वर्षांची पगारवाढ मात्र माझ्या शेऱ्यावर ठरली होती. ते मला आजही बोचतं, म्हणून विचारते. माणसाचा स्वभाव आणि त्याचं काम यांची अशी गल्लत तुम्ही पाहिलीत का? तुमची उमेद कशानं वाढली, कशानं गेली? घडलेलं सांगा.

—

मी कॉल सेंटरमध्ये होते. सुरुवातीला काम मनापासून आवडायचं. एखाद्या गोंधळलेल्या आजोबांना धीरानं, एकेक पायरी सांगत पासवर्ड बदलून दिला की दिवस छान जायचा. मग कॉल लवकर संपवण्यावर दरमहा बोनस सुरू झाला. तीन महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की वयस्कर आवाज ऐकला की मी "दुसऱ्या विभागाला जोडून देते" म्हणून मोकळी होते. बोनस मिळत होता. वर्षभरानं तो बंद झाला, पण ती पहिली गोडी काही परत आली नाही.

पुढे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ सालच्या प्रयोगाबद्दल वाचलं. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. एका गटाला मधल्या सत्रात दर कोड्यामागे पैसे दिले आणि पुढच्या सत्रात ते बंद केले. त्यानंतर मोकळ्या वेळात त्या गटानं कोड्यांना पहिल्यापेक्षा कमी हात लावला. वाचताना मला माझीच खुर्ची दिसत होती.

—

मी याची दुसरी बाजू पाहिली. आमच्याकडे पगार दोन-दोन महिने लांबायचा आणि दर शुक्रवारी 'टीम स्पिरिट'चे खेळ असायचे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं, की पगार, नोकरीची शाश्वती, वरिष्ठांची वागणूक यांत खोट असेल तर माणूस असमाधानी होतो. ते सगळं नीट असलं म्हणून उमेद येतेच असं मात्र नाही. आमच्या व्यवस्थापकांनी यातलं 'पैशानं उमेद येत नाही' एवढंच उचललं. घरभाडं थकलेला माणूस गोल करून उभं राहून चेंडू झेलत असतो, तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो ते मी पाहिलंय. मी नोकरी सोडली.

—

संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, म्हणजे सीएनसी मशीनच्या शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. एका ऑपरेटरचं रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारे पीस, सतत जास्त यायचं. 'निष्काळजी' हा शिक्का त्याच्यावर माझ्या आधीपासूनच होता. पाळीभर तोच जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मशीनवर लावायचा, काढायचा, एवढंच त्याचं काम. एकदा सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवून देणारा, आला नाही म्हणून नाइलाजानं त्याला सेटिंगला घेतलं. ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देताना, पहिला पीस मोजताना तो इतका रमला की जेवणाची सुट्टी झाल्याचंही त्याला कळलं नाही. आज तो आमचा सगळ्यात भरवशाचा सेटर आहे.

त्या यशानं मला वाटलं, सगळ्यांना असंच पुढे आणावं. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसालाही सेटिंग दिलं. त्याचं रिजेक्शन कधीच नसायचं. चौथ्या आठवड्यात तो माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, मला झोप लागत नाही. माझं मशीन मला परत द्या." त्याला महत्त्वाकांक्षा नाही असं मला वाटलं, आणि तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो काहीच बोलला नाही. मशीन परत मिळाल्यावर त्याचं काम पूर्वीसारखं चोख सुरू झालं. बोललेलं मात्र मागे घेता आलं नाही.

—

एचआरमध्ये काम करते. आमच्याकडे भरतीच्या वेळी मायर्स-ब्रिग्जची चार अक्षरांची स्वभावचाचणी घ्यायचे. निवडीसाठी ती वापरू नये, असं ती चाचणी देणारी संस्था स्वतःच सांगते. हे ठाऊक नसताना एका उमेदवाराला 'अंतर्मुख आहे, विक्रीला नको' म्हणून मीच परत पाठवलं. पुढे कळलं, दुसरीकडे तो विक्रीतच उत्तम चालला होता. ग्राहकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, म्हणे.

स्वभावाचा कामाशी संबंध नसतो असं नाही. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. काम नेटानं, जबाबदारीनं पुरं करण्याचा गुण सगळ्या तऱ्हेच्या व्यवसायांत कामगिरीशी जुळलेला दिसला. बहिर्मुखतेचा संबंध विक्री आणि व्यवस्थापनात दिसला. पण हे सगळे संबंध माफक आहेत. त्यावरून समोरच्या एका माणसाचं भवितव्य ठरवता येत नाही. आता आम्ही उमेदवाराला प्रत्यक्ष कामाचा छोटा नमुना करायला देतो.

—

पहिला अनुभव लिहिणाऱ्या ताईंना एक विचारायचंय. ते शेरे चुकीचे होते, हे त्या सहकाऱ्याला सांगितलंत का?

—

हा प्रश्न आला तेव्हा सांगितलेलं नव्हतं. काल सांगितलं, दोघंच होतो. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे लेखी द्याल?" संध्याकाळी मेल लिहिली. कुठल्या दोन अप्रेझलमध्ये मी काय लिहिलं, ते का चूक होतं, आणि त्याच्या कुठल्या तीन नोंदी आम्ही वेळेत वाचायला हव्या होत्या. एचआरला प्रत पाठवली. रेटिंग बदलणार नाही, असं त्यांनी कळवलंय, पण मेल त्याच्या फाइलला लागली आहे. आज सकाळी त्याचं उत्तर आलं. दुसऱ्या नोंदीची तारीख मी चुकीची लिहिली होती, ती त्यानं दुरुस्त करून पाठवली आहे.