मुलाच्या नावे सैन्यनोंदणीचं पत्र आलं...

न्यूजर्सीकर: लेक गेल्या महिन्यात अठराचा झाला आणि मागोमाग 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस'चं, म्हणजे सैन्यभरतीसाठी नावं नोंदवून ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, पत्र आलं. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ पासून बंद आहे, पण मुलग्यांना नाव नोंदवावं लागतं, नागरिक असो की ग्रीन कार्डवाला. बायको पत्र हातात घेऊन मटकन खालीच बसली. मी हसलो, मग माझीच मला लाज वाटली. अफगाणिस्तानचं युद्ध वीस वर्षं चाललं. तेवढ्यात आम्ही घर घेतलं, दोनदा गाडी बदलली. २६ ऑगस्ट २०२१ ला काबूल विमानतळावरच्या स्फोटात १३ अमेरिकी सैनिक गेले, अफगाण तर दीडशेच्या वर. त्या संध्याकाळी आमच्या मंडळाच्या ग्रूपवर मोदकांची ऑर्डर कुणाला द्यायची यावर वाद रंगला होता. त्यात मीही होतो.

न्यूयॉर्कचे तेव्हाचे खासदार चार्ल्स रँगेल स्वतः कोरियात लढलेले. इराकवर हल्ला व्हायच्या आधी, जानेवारी २००३ मध्ये, त्यांनी सक्तीच्या सेवेचं विधेयक आणलं. आपली पोरं जाणार असतील तर युद्धाला हात वर करणारे दहादा विचार करतील, असं त्यांचं म्हणणं. मला पटतं. सगळ्यांना एक वर्ष सेवा लावा. बंदूक नको त्याने इस्पितळात जावं, वणवे विझवावेत.

कृष्णाकाठ: दादा, पुढचंही सांगा की. ऑक्टोबर २००४ ला ते विधेयक ४०२ विरुद्ध २ मतांनी पडलं, आणि खुद्द रँगेलनीच विरोधात मत दिलं! व्हिएतनामच्या वेळी सक्ती होतीच ना? १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांच्या ३६६ चिठ्ठ्या निळ्या कॅप्सूलांत घालून सोडत काढली. पहिली निघाली १४ सप्टेंबर. कॉलेजातल्या पोरांना सूट, बाकीचे चला. त्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले.

मी साताऱ्याकडचा. अपशिंगे मिलिटरी गावाचे पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले. त्यांच्यावर सक्ती नव्हती, पोट होतं. ज्या गावाची पोरं सीमेवर असतात त्या गावाला युद्धाची काळजी असतेच हो. पण त्या काळजीला दिल्लीत कोण विचारतं?

न्यूजर्सीकर: रँगेलनी विरोधात मत दिलं, कारण निवडणुकीच्या तोंडावर भरतीची अफवा मिटवायला बुश यांच्या सत्ताधारी रिपब्लिकन पक्षानेच ते घाईत मतदानाला आणलं होतं. आणि कॉलेजवाल्यांची सूट हाच तर माझा मुद्दा. सूटच नको. खासदाराचा मुलगाही त्याच सोडतीत हवा.

कृष्णाकाठ: तो असेल, पण सायबाच्या कचेरीत. भरतीतले वशिले आम्हाला नका शिकवू.

शंकेखोर मावशी: पोरं कशाला, खिसा पुरतो. इराक युद्ध सुरू झालं त्याच वर्षी, २००३ मध्ये, बुश सरकारने कर आणखी कमी केले आणि युद्ध उधारीवर चालवलं. त्याऐवजी पगाराच्या पावतीवर 'युद्धकर' अशी वेगळी ओळ छापली असती, तर मोदकवाल्या ग्रूपवरही चर्चा झाली असती.

आणि अमेरिकेला कशाला हसायचं? श्रीलंकेत १९८७ ते ९० या काळात आपल्या शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान गेले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले मेजर परमेश्वरन तर मुंबईत जन्मलेले. आमच्या भिशीत विचारलं, एकीलाही नाव माहीत नाही. खरं सांगायचं तर मलाही कोलंबोच्या सहलीत शांतिसेनेचं स्मारक पाहिल्यावरच कळलं.

कृष्णाकाठ: मावशी, करावर तुमच्याशी वाद नाही. फक्त तो शेतमजुराच्या काडेपेटीवर नको. दादा, पोराचं काय झालं मग?

न्यूजर्सीकर: नोंदवलं नाव. जेवता जेवता, डाव्या हाताने, फोनवरून. दोन मिनिटं लागली. आई अजून त्या पत्रावर काही ठेवू देत नाही.