महासागरी पर्वतरांगांचे भूरसायनशास्त्र : खानापूरच्या मुलीने या वाटेला जावे का?

नंदगडकर
नमस्कार. माझी पुतणी दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात शिकली. यंदा तिची पीयूसी द्वितीय वर्षाची (म्हणजे बारावीची) परीक्षा विज्ञान शाखेतून झाली असून तिला धारवाडला बीएस्सीसाठी भूविज्ञान घ्यायचे आहे. पुढे समुद्रतळावरील ज्वालामुखी आणि तेथील खडकांचे रसायन हाच विषय करायचा, असे तिने ठरवून टाकले आहे. इंजिनिअरिंगची जागा मिळत असताना दगडांमागे जायचे कशाला, आणि ज्या घराचा समुद्राशी संबंध कारवारच्या मासळीपुरता, तेथील मुलीने समुद्रतळाचा विचार का करावा, असे घरातील मोठ्यांचे म्हणणे आहे. मला तिला अडवायचे नाही. पण या क्षेत्रातील माणूस नेमके काय करतो आणि त्याच्या पोटापाण्याची सोय कोठे होते, हे कळल्याशिवाय तिची बाजू घरात मांडताही येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

जांभा_दगड (निवृत्त भूविज्ञान प्राध्यापक, बेळगाव)
नंदगडकर, समुद्र दूर आहे ही अडचण नाही. दख्खनच्या लाव्हाथरांची जी रासायनिक वर्गवारी जगभर वापरली जाते, तिच्यातील काही थरसमूहांची नावे आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर अशी आहेत. यांतील देसूर म्हणजे बेळगावहून खानापूरला जाताना लागणारे आपले देसूर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे थर डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांची प्रमाणे आणि समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची) गुणोत्तरे मोजल्यावरच ते एकमेकांपासून वेगळे काढता येतात. लाव्हा वर येताना त्यात भूकवचाची भेसळ किती झाली, हेही याच आकड्यांवरून कळते. आंबेनळीच्या थरांत ती सर्वांत कमी आहे, तर देसूरच्या थरांत बरीच अधिक.

1986 मध्ये कॉलिन डेव्ही आणि पीटर लाइटफूट यांनी पश्चिम दख्खनच्या या थरांवर महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. डेव्ही पुढे जर्मनीतील कील येथील संस्थेत समुद्रतळावरील ज्वालामुखींचे अभ्यासक म्हणून नावारूपाला आले. म्हणजे सह्याद्रीच्या कातळावर हात बसवून समुद्राकडे वळलेला माणूस यापूर्वी होऊन गेला आहे. मुलीला सुट्टीत पन्हाळ्याला आणि आंबोली घाटात न्या. गोकाकचा धबधबाही दाखवा. मात्र तो कलादगीच्या वालुकाश्मावरून पडतो, बेसाल्टवरून (लाव्हा गोठून झालेल्या काळ्या कातळावरून) नव्हे, हे तिने स्वतः ओळखले तर उत्तमच.

वास्कोची_पाटी (संशोधक, गोवा)
काम काय असते, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत.

जगातील महासागरांच्या तळाशी सुमारे 65,000 किलोमीटर लांबीची ज्वालामुखी पर्वतरांग पसरलेली आहे. तेथे भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर सरकतात, खालचे प्रावरण (भूकवचाखालचा तप्त खडकाचा जाड थर) वर येते आणि दाब कमी झाल्यामुळे, बाहेरून उष्णता मिळाली नसतानाही, अंशतः वितळते. जहाजावरून साखळ्यांची जाळीदार पिशवी दोन-तीन किलोमीटर खोल सोडून तळावरून ओढली जाते आणि तीत बेसाल्टचे तुकडे येतात. थंड पाण्यामुळे त्या लाव्हाची बाहेरची कड क्षणात गोठून काच झालेली असते. आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती ही काच, कारण वितळलेल्या द्रवाची रासायनिक घडण तिच्यात जशीच्या तशी टिकते.

मोहीम काही आठवड्यांची असते; त्यानंतर काच निवडणे, विरघळवणे, वस्तुमानमापक यंत्रावर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणे आणि आकड्यांचा अर्थ लावणे यांत वर्षे जातात. या अर्थ लावण्यातच या विषयाची खरी गोडी आहे. एमिली क्लाइन आणि चार्ल्स लँगम्युअर यांनी 1987 मध्ये जगभरच्या पर्वतरांगांवरील बेसाल्टची तुलना केली. मॅग्नेशियम ऑक्साइड 8 टक्के असताना सोडियम किती, असा समान निकष लावल्यावर त्यांना दिसले की रांग जितकी उथळ, तितके सोडियम कमी. आइसलँडच्या उत्तरेकडील उथळ कोल्बाइन्सी रांगेत ते कमी, तर कॅरिबियनमधील खोल केमन खंदकात जास्त. सोडियम वितळणाच्या सुरुवातीलाच द्रवात उतरते. गुळाचा खडा तेवढाच ठेवून पाणी वाढवले की गोडी उतरते, तसे अधिक खडक वितळला की द्रवातील सोडियमचे प्रमाण घटते. प्रावरण अधिक तप्त असेल तर वितळण अधिक, कवच जाड आणि रांग उंच. अशा रीतीने काचेतील एका मूलद्रव्यावरून खालच्या प्रावरणाच्या तापमानाचा अंदाज बांधता आला. या मांडणीवर पुढे वादही झाले, प्रावरणाच्या मूळ रासायनिक घडणीतच फरक असतो असा आक्षेप आला, आणि तो वाद आजही पूर्ण संपलेला नाही. नव्या माणसाला येथे जागा आहे, असे मी म्हणतो ते यामुळेच.

नोकरीचे म्हणाल, तर वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही दोन मुख्य ठिकाणे. दोन्ही बेळगावहून चोर्ला घाटाने एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. हिंदी महासागरातील रांगांवर 10,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू सल्फाइडांचा (अनेक धातू असलेल्या गंधकयुक्त खनिजांचा) शोध घेण्यासाठी भारताने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला आणि 2025 मध्ये अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा केला. त्यामुळे या रांगांवरचे काम देशात काही वर्षे तरी चालू राहील.

हिंडलगा_रोड
वरील सर्व मान्य, पण हिशेबही सांगायला हवा. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी आणि त्यानंतरची तात्पुरती संशोधनवृत्ती धरली तर कायम नोकरीपर्यंत वयाची तिशी सहज ओलांडते. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधनवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. ती न मिळाल्यास ओढाताण होते. कायम जागा थोड्या निघतात आणि त्यांच्या जाहिराती दरवर्षी येतीलच असे नाही. लग्नाचा विषय तिशीच्या आतच काढणारी आपली घरे आहेत, तेव्हा हे बोलणे आताच झालेले बरे. यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाण्याचा मार्ग मात्र एमएस्सीनंतर खुला राहतो.

नंदगडकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शंका उरते : बीएस्सीला भूविज्ञानाबरोबर कोणते विषय घ्यावेत? ती गणित सोडण्याच्या विचारात आहे.

वास्कोची_पाटी
गणित सोडू देऊ नका. रसायनशास्त्र तर हवेच. पण समस्थानिकांची गणिते, मोजमापातील त्रुटी आणि वितळणाची प्रारूपे यांसाठी गणित रोज लागते. आयआयटीतील एमएस्सीसाठी जॅमची भूविज्ञानाची परीक्षा असते आणि तिचा अर्ज बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी पावसाळा सरता सरता भरावा लागतो. धारवाडला प्रवेश झाला की तिला एकदा वास्कोला घेऊन या. प्रयोगशाळेची परवानगी आधी पत्र लिहून घ्यावी लागते.